प्वेब्लाला गेल्यावर काय खायचं

आई,

मी रस्त्यावरचं खायला शिकले. तेही इथे, ब्राउनश्वाइगमध्ये, आमच्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बसून. ज्या रस्त्यावरचं शिकले तो रस्ता मात्र मी अजून पाहिलेला नाही. तुला हे सांगितलं असतं तर हातातलं काम न थांबवता तू एवढंच विचारलं असतंस, "पाणी कुठलं होतं?" तुझा पहिला प्रश्न कायम पाण्याचा. साथीच्या रोगांच्या दवाखान्यातल्या सिस्टरची मुलगी म्हणून वाढणं म्हणजे काय, ते माझ्या मैत्रिणींना कधी कळलं नाही. शाळा सुटल्यावर त्या गाड्यांभोवती घोळका करायच्या आणि मी दप्तर छातीशी धरून जराशी लांब उभी राहायचे, कारण तू ड्यूटीवरून त्याच रस्त्याने घरी यायचीस.

एकदा तू मला धरलंसच. मी चौथीत असेन. माझ्या हातात बर्फाचा गोळा आहे, मनगटावरून लाल ओघळ कोपरापर्यंत आलाय, आणि समोर तू, पांढऱ्या साडीत, खांद्याला पर्स. तू ओरडत नाहीस. काडीसकट गोळा काढून घेतेस, गटारात टाकतेस, माझा चिकट हात धरतेस आणि घराकडे न जाता उलट्या दिशेने चालायला लागतेस. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लांब खिडकी होती, तिथे मला उभं करतेस. आत खाटांची रांग, उलट्या टांगलेल्या बाटल्या, फिनेलचा वास, आणि माझ्याएवढीच एक मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. "ह्यातल्या निम्म्यांना विचार, काय खाल्लं होतं," तू म्हणतेस. पुढच्या रविवारी तू पाणी उकळून, गार करून, फ्रीजमध्ये त्याचा बर्फ केलास, धुतलेल्या पंच्यात बांधून लाटण्याने कुटलास आणि कोकमाचं सरबत ओतून मला गोळा दिलास. वाटीत, चमच्यासकट. तुझं प्रेम असंच असायचं, उकळून गार केलेलं. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता राग येत नाही, पण त्या जागी दुसरंही काही आलेलं नाही.

आणि मग तुझं शेवटचं वर्ष. किडन्या गेल्या, मीठ बंद झालं, पाणी मोजून. एका संध्याकाळी तू उशीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, "कोपऱ्यावरची भेळ आण गं थोडी." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, द्या चिमूटभर, आता काय. मी कागदाच्या पुडीत भेळ आणली, तू दोन बोटांनी चार दाणे तोंडात टाकलेस, बराच वेळ चघळलेस, आणि खरंच कोडं पडल्यासारखा चेहरा करून म्हणालीस, "ह्यात काय असतं एवढं?" पुडी माझ्याकडे सरकवलीस. "तू खा." तू गेलीस त्याला वीसेक वर्षं झाली, पण तो प्रश्न अजून कानात आहे, तू तो असा विचारलास की जणू आयुष्यभर त्या गाड्यांशी भांडलेल्या माणसाला शेवटी कळावं की समोर कोणी नव्हतंच.

हे सगळं आत्ता का आठवलं ते सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर एक मेक्सिकन बाई राहायच्या. मी त्यांना मनातल्या मनात नुसतं 'बाई' म्हणायचे, शाळेत म्हणायचो तसं. ओळख झाली ती ठसक्यामुळे. एका दुपारी हाउसमाइस्टर, म्हणजे आमच्या बिल्डिंगची देखभाल बघणारा माणूस, खोकत खोकत वर आला आणि माझ्या दारात उभा राहून म्हणाला, जिन्यात जळजळतंय, शेजाऱ्यांची तक्रार आहे, तुम्ही खिडकी उघडून स्वयंपाक करत जा. मी त्या वेळी लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये होते. गॅसवर काहीही नव्हतं. पण वास माझ्याही नाकात शिरला आणि मी ओळखला, सुकी मिरची तव्यावर किंचित जास्त भाजली की येतो तो. मी म्हणाले, "मी नाही." त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या दाराबाहेरच्या रांगोळीच्या स्टिकरकडे बघितलं आणि विश्वास न बसल्यासारखं "हो, हो" म्हणत निघून गेला. मी वासामागून एक मजला उतरले. दार उघडंच होतं. सत्तरीच्या आसपासची एक बुटकी बाई टॉवेलने धूर बाहेर हाकलत होती, डोळ्यांतून पाणी. मला बघून म्हणाली, "तुम्ही पण तक्रार करायला?" मी म्हणाले, "नाही. तुमच्या वाटचा ओरडा मी खाल्ला." त्या एवढ्या हसल्या की पुन्हा ठसका लागला.

चाळीसेक वर्षांपूर्वी मोटारींच्या कारखान्यातला एक जर्मन इंजिनिअर प्वेब्ला नावाच्या शहरात कामाला गेला होता, त्याच्याशी लग्न करून बाई इकडे आल्या. नवरा होता तोवर घरात बटाटे, कोबी, रविवारी भाजलेलं मांस. तो गेल्यावर त्यांनी मिरच्या भाजायला सुरुवात केली. मुलगा म्युनिकला. आमचं दोघींचं बोलणं मोडक्या जर्मनमध्ये, माझं जास्त मोडकं. सुरुवातीला 'अहो-जाहो'चं जर्मन, मग एक दिवस त्या म्हणाल्या, आता अगं-तुगं कर. पण माझ्या तोंडून ते निघेना, तेव्हा त्यांनी नाद सोडला. त्या मला 'मिहा' म्हणायच्या, म्हणजे पोरी.

प्वेब्लाला जायचं ठरलं ते कसं, ते आता नीट सांगता येणार नाही. त्या म्हणत होत्या की पंधरा वर्षांत गेले नाही, आता एकटीने विमान बदलायची भीती वाटते. मी म्हणाले, मी येते. तोंडातून निघून गेलं. घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "तू? मेक्सिकोला? कोणाबरोबर?" "खालच्या बाईंबरोबर." तो हसला, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "अगं, आपण भारतात तरी कुठे धड जातो." ते खरंच होतं. लेक सोळा वर्षांची, ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, तिने मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, "वोत्सू?" म्हणजे, कशासाठी? पण पुढच्या ईस्टरला जायचं ठरलं आणि बाईंनी माझी शिकवणी सुरू केली, कारण, "तू तिथे नवखी. नवखं माणूस लांबून ओळखू येतं. मला माझ्या गल्लीत लाज आणू नकोस."

दर शनिवारी मी खाली जायचे. त्या स्वयंपाकघराच्या टेबलाला गाडी म्हणायच्या आणि मला खुर्चीवर बसू द्यायच्या नाहीत. उभं राहून खायचं, कंबरेत वाकून, म्हणजे ओघळ ब्लाउजवर नाही, जमिनीवर पडतो. पाय जरा लांब. चमचा मागायचा नाही. तिखट आहे का असं विक्रेत्याला कधीही विचारायचं नाही, तो नाहीच म्हणणार आणि मग तुला रडताना बघणार. ज्या गाडीवर शाळेची मुलं आणि पोलिस दोघंही उभे असतील ती चांगली. सकाळी तमाल, संध्याकाळी मका, आणि मधे काय ते तुझ्या नशिबावर. तमाल म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, आत थोडं सारण, कणसाच्या सालात गुंडाळून वाफवलेला. तो साल सोडून खायचा, नवखे सालासकट चावतात. पीठ डुकराच्या चरबीत फेटतात हे कळल्यावर मी मागे सरकले. बाई वैतागल्या, कपाट उघडझाक केलं, शेवटी म्हणाल्या, तुझ्याकडे काय आहे? मी वरून घरचं कढवलेलं तूप आणलं. त्यांनी ते पिठात घालून इतका वेळ फेटलं की दंड थरथरायला लागला, मग पाण्याच्या ग्लासात चिमूटभर गोळा सोडला. तो तरंगला. त्यांनी चाखलं आणि म्हणाल्या, "चूक आहे. पण वाईट नाही."

माझं एक वाईट होतं, मी प्रत्येक वेळी ओळखायचे. कैरीला मीठ-तिखट लावून दिली की 'हे आमच्याकडे असतं'. खोबऱ्याच्या वड्या दिल्या की 'ह्या आमच्याकडे दिवाळीला'. एकदा त्यांनी बिया गुळात थापून केलेल्या चौकोनी वड्या पुढे ठेवल्या. त्यांच्याकडे त्यांना आनंदच म्हणतात, शब्दशः. मी बघितलं तर राजगिरा. मी ओरडलेच, "हा तर राजगिरा! हे आमचं उपासाचं!" बाईंनी ताटली मागे ओढली. त्या चिडल्या की आवाज लहान व्हायचा, तुझ्यासारखाच. म्हणाल्या, "तू खाल्लं का?" "नाही अजून." "मग कशाला बोलतेस? दर वेळी तू आधी तुझ्या घरी जातेस. मी इथे उभी आहे. इथे खा." मग ताटली पुढे सरकवली. मी खाल्लं. त्यात लिंबाची साल होती, मध होता, आणि मधूनच एक भाजलेली भोपळ्याची बी दाताखाली आली. तो आमचा राजगिरा नव्हता. त्यानंतर मी जीभ आवरायला शिकले, आणि त्या शिकवणीतलं तेवढंच एक मला बऱ्यापैकी जमलं.

ऑगस्टच्या शेवटी त्यांना मका हवा होता. कणीस भाजून किंवा उकडून, वर लिंबू, चुरलेलं चीज आणि तिखट. किंवा दाणे सोडवून ग्लासात रस्सा-लिंबासकट. सुपरमार्केटमधली प्लास्टिकमध्ये बंद केलेली कणसं बघून त्या म्हणायच्या, हा मका नाही, ही साखर आहे. म्हणून आम्ही ट्रामने शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो आणि तिथून पुढे चालत, मोटारवेच्या पुलापलीकडे, जिथे डोक्याच्या वर मका वाढलेला. बाई सरळ आत शिरल्या. कणीस सोललं, दाण्यात नख रुतवलं, पांढरं दूध उडालं. "हाच," त्या म्हणाल्या. मी पिशवी धरून उभी, आणि समोरून ट्रॅक्टरवरचा शेतकरी उतरून येतोय.

"काय करताय तुम्ही?"

"कणसं घेतोय," बाई म्हणाल्या. "पाच."

"हा खायचा मका नाही. हा गॅसच्या प्लांटला जातो. नाहीतर गाईंना."

"मग गाईंना विचारा, कसा लागतो."

त्याने डोक्यावरची टोपी मागे सारली आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. त्या कधी तक्रार करत नाहीत." आणि स्वतःच आणखी चार कणसं मोडून माझ्या पिशवीत टाकली. त्या संध्याकाळी बाईंनी दाणे उकडले, ग्लास हातात दिला, स्वतः एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून खिडकीशी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "जवळपास." आई, त्या एका शब्दासाठी मी पुढचे कितीतरी महिने झिजले, आणि तो पुन्हा ऐकायला मिळाला नाही.

ऑक्टोबरात गिळताना दुखतंय म्हणून त्या डॉक्टरकडे गेल्या. घशात गाठ होती. क्लिनिकुममध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये, रोज किरणं द्यायचं ठरलं, आणि मी कामाच्या वेळा बदलून त्यांच्याबरोबर बसने जायला लागले. त्या मास्क घालून आत जायच्या, मी बाहेर दोघींचे कोट मांडीवर घेऊन बसायचे. हिवाळा संपेपर्यंत गाठ लहान झाली, पण त्यांच्या तोंडातली लाळ गेली आणि तिच्याबरोबर चव गेली. सगळी. कॉफी म्हणजे गरम पाणी, ब्रेड म्हणजे कापूस. डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, काहींची काही महिन्यांनी परत येते. बाईंनी विचारलं, "आणि काहींची?" ती म्हणाली, "काहींची येत नाही." ईस्टर आला नि गेला. तिकिटांचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

शनिवार मात्र त्यांनी थांबवले नाहीत. आता त्या करायच्या आणि चाखायचे मी. म्हणजे मीच त्यांची जीभ. चिंच, सुकी मिरची आणि जर्दाळू शिजवून एक आंबट-गोड-तिखट चटणी करतात, फळांवर घालायची, ती त्यांनी पाचसहा वेळा केली असेल. दर वेळी चमचा माझ्या तोंडासमोर धरायच्या आणि चेहरा निरखायच्या.

"काय कमी आहे?"

"मीठ, बहुतेक."

"मीठ नाही. मीठ माझ्या हाताला कळतं. दुसरं काय?"

"आंबट हवं थोडं."

"कसलं आंबट? लिंबाचं की चिंचेचं? पुढे लागतं की मागे?"

मला सांगता यायचं नाही. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, आई. दिवसभर चुका शोधते. पण तिथे काय यायला हवं ते आधी कोणीतरी ठरवलेलं असतं. जे आलं ते आणि जे यायला हवं होतं ते, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. इथे जे यायला हवं होतं ते फक्त बाईंच्या डोक्यात होतं, आणि त्यांच्या तोंडातून तिथवर जायची वाट आता बंद झाली होती. मी तो पदार्थ खरा कधीच खाल्ला नव्हता. मी अंदाजाने बोलायचे, त्या माझ्या अंदाजावर जिन्नस वाढवायच्या, आणि आम्ही दोघी मिळून दर शनिवारी प्वेब्लापासून थोड्या थोड्या लांब जात होतो. मला ते कळत होतं. त्यांनाही कळत असावं. एकदा मी कंटाळून म्हणाले, "आता छान झालंय." त्यांनी चमचा खाली ठेवला. "छान म्हणू नकोस. छान म्हणजे काहीच नाही." मग दुसरीकडे बघत, "लहानपणी संध्याकाळी रताळ्याची गाडी यायची. भट्टीची वाफ सुटली की शिट्टी वाजायची, लांब, रडल्यासारखी. ती मला अजून ऐकू येते. मग चवच का जावी?" लेक त्या दिवशी मला बोलवायला खाली आली होती, दारात उभी होती. जिना चढताना तिने जर्मनमध्येच विचारलं, पण हळू आवाजात, "आई, ती बरी होणार ना?" मी मराठीत "नाही" म्हणाले. तिने ते पुन्हा विचारलं नाही.

शरद ऋतूत गाठ फुप्फुसात निघाली. शेवटचे काही आठवडे त्या होस्पित्समध्ये होत्या, जिथे बरं करायला नाही, नुसतं सांभाळायला नेतात. स्वच्छ, शांत जागा, खिडकीबाहेर बर्चची झाडं. तुझ्या वॉर्डसारखा वासही नव्हता. शेवटच्या भेटीत मी थर्मासमधून चंपुर्रादो नेलं, मक्याच्या पिठाची दाट पेज, त्यात चॉकलेट आणि दालचिनी. थंडीत पहाटे तमालबरोबर पितात. सिस्टरने डोकं उचलून धरलं आणि मी चमच्याने थोडं दिलं. बाईंनी ते तोंडात धरून ठेवलं. मग विचारलं, "गोड आहे?"

"हो."

"फार?"

"नाही. बेताचं."

"गुठळ्या?"

"नाहीत."

त्यांनी मान हलवली, शिकवणी तपासल्यासारखी, आणि गिळलं. दुसरा चमचा नको म्हणाल्या. दोन दिवसांनी हाउसमाइस्टरने जिन्यात गाठून सांगितलं की त्या गेल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ह्या वेळी मिरचीचं नव्हतं.

मुलगा म्युनिकहून आला. सभ्य माणूस, माझ्याएवढाच असेल. घर रिकामं करायला त्याने एका कंपनीची माणसं बोलावली होती. मी गेले तेव्हा कंटेनर भरून निघून गेला होता आणि भिंतींवर भांड्यांच्या जागी पांढरे डाग होते. तमाल वाफवायचं मोठं पातेलं, दगडी खल, सगळं गेलं. त्याने विचारलं, "तुम्हाला काही हवं होतं का?" मी नाही म्हणाले. मग तो रिकाम्या ओट्याला टेकून म्हणाला, "तुम्ही दर शनिवारी यायचात ना, ती फोनवर सांगायची. काय बनवायची ती तुमच्यासाठी?" मी सांगायला लागले. तमाल, मका, चिंचेची चटणी. तो ऐकत राहिला. म्हणाला, "माझ्यासाठी बटाट्याचं सॅलड करायची. फार चांगलं. मला स्पॅनिश येत नाही. किंडरगार्टनमधल्या बाईंनी तिला सांगितलं होतं की मुलाशी जर्मनच बोला, तो गोंधळतोय. तिने त्या दिवसापासून बंद केलं." मग त्याने विचारलं, "कसं लागतं ते? मका वगैरे?" आणि मी त्याच्याकडे बघत राहिले, आई. त्याच्या आईच्या गावची चव त्याला सांगू शकेल असं ह्या शहरात माणूस एकच उरलं होतं, आणि ते मी होते, जिने ते कधी खाल्लेलं नाही, जिच्या तोंडात तूप घातलेला तमाल आणि गाईंचा मका होता. "छान," मी म्हणाले. वर येऊन पाहिलं तर लेक दार उघडं ठेवून उभी होती. मी तिच्याशी मराठीत काहीतरी बोलले, तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

बाईंना हिरवळीखाली पुरलंय. इथे तशी पद्धत आहे, राखेचा कलश एका मोठ्या लॉनमध्ये पुरतात, दगड नाही, नाव नाही, देखभाल कोणाला करावी लागत नाही. मुलगा म्हणाला, तिनेच तसं लिहून दिलं होतं, कोणाला त्रास नको म्हणून. प्वेब्लाला जायच्या बेताचं तिने त्याला कधी काही म्हटलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. ह्या नोव्हेंबरात, त्यांच्याकडे मेलेल्या माणसांसाठी खाणं मांडायचा दिवस असतो त्या सुमाराला, मी तमाल केले. गोळा पाण्यात तरंगला नाही. पुन्हा फेटला, पुन्हा बुडाला, शेवटी तसेच वाफवले. दफनभूमीत गेल्यावर लक्षात आलं की ठेवायचं कुठे. सगळं लॉन सारखंच, त्या नेमक्या कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही, आणि फाटकावरच पाटी आहे की खाद्यपदार्थ ठेवू नयेत. मी बाकावर बसले, डबा उघडला आणि एक स्वतःच खाल्ला. साल काढून. घट्ट होता, मधे कच्चा. शेजारी झारी घेऊन एक म्हातारी बसली होती, तिने विचारलं, "चव चांगली आहे का?" मी म्हणाले, "माहीत नाही." तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. तिने तो पुन्हा विचारला, हळू, एकेक शब्द सुटा करून.

तू म्हणशील, मग आता जा की एकदा प्वेब्लाला. नवराही परवा म्हणाला, हवं तर मी येतो. मी नाही जाणार. तिथे कुठल्यातरी गाडीपाशी उभी राहीन, कंबरेत वाकून, पाय लांब ठेवून, सगळं सांगितल्यासारखं, आणि तोंडात जे येईल ते त्यांचं होतं की नाही हे मला कोण सांगणार?

एक राहिलं. आजारपणात बाईंनी मला एकदा विचारलं होतं की तुझ्या आईच्या हातचं तुला काय आवडायचं. मी आमटी म्हणाले, आणि बराच वेळ बोलत राहिले. गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा, वर हिंगाची फोडणी, भातावर घेतली की कशी पसरायची. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, तोंड हलवत होत्या. ते सगळं मी कुठल्याही घरच्या आमटीबद्दल बोलले असते तसं बोलले. तुझी कशी लागायची ते मला आठवत नाही. आमटीचीच नाही, तुझ्या हातच्या कशाचीच चव आठवत नाही, आणि कधीपासून आठवत नाही तेही सांगता येत नाही. हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण तू ते शेवटपर्यंत वाचलं असतंस.